श्वास खंय घेता

रविवारी वेंगुर्ल्याच्या बंदरावर बर्फाला गिऱ्हाईक नसतं.
होड्या वाळूत, जाळी उलटी, मांजरं सुस्त.
कारखान्यामागच्या खोलीत इनास लोबो
चावीचा ग्रामोफोन मांडतो,
रिठ्याच्या पाण्याने पुसलेली तबकडी
बिड्यावर घावन सोडावा तशी अलगद ठेवतो.
लेबल वाळवीने खाल्लंय.
उरलाय एक आकडा, सात असेल, किंवा मोडका एक.
वाजवणारा कोण, ते वाळवीला ठाऊक.

मी काही कान घेऊन गेलो नव्हतो तिथे.
फ्यूज बांधायला बोलावलं, बांधला,
आणि चावी द्यायचं काम माझ्याकडे राहिलं.
जाझ म्हणजे काय, मला अजून धड सांगता येत नाही.
पण पियानोवाल्याच्या बोटात अंगठी आहे,
ती पट्टीवर टिचकते,
हे पहिल्यांदा मी म्हटलं,
आणि त्या दिवसापासून मला खुर्ची आहे.

भांडण ट्रम्पेटचं.
इनास बोटीवर स्टुअर्ड होता, त्यामुळे जगातला प्रत्येक वाजवणारा
त्याने एडनला जेवताना पाहिलेला आहे.
"हो पोर्तुगीज. मासळी सोलून खाई."
आरोलकर मास्तर, दशावताराची पेटी वाजवून बोटं वाकलेले,
डोळे मिटून म्हणतात, कोमल गंधाराला
तो नुसता शिवतो नि हात काढतो,
चुलीवरची कढई उतरवताना सून काढते तसा.
हा शिकून येत नाही. हा भाजून येतो.
गिरपाचं मत, माणूस पडावावरचा असणार,
लाट यायच्या आधी सुकाणू वळवतो.
गिरप सगळ्यांनाच पडावावर बसवतो,
ड्रमवाल्याला तर त्याने भोवरीजवळ बुडवलासुद्धा आहे.

ब्रिजिताबाय फक्त एकच विचारते.
तीस वर्षं इस्पितळात रात्रपाळी,
अंधारात चौदा खाटांचे श्वास मोजलेली बाई.
"ह्यो श्वास खंय घेता?"
तीन वर्षं हेच.
इनास म्हणतो, मोठ्या माणसांना लागत नाही.
मास्तर म्हणतात, दमसास.
ती म्हणते, "मेल्याशिवाय कोण इतको वेळ ऱ्हवणा नाय."
मग चहा.

त्या रविवारी तबकडी अर्ध्यात असताना वीज गेली.
ग्रामोफोनला वीज लागत नाही, कॉम्प्रेसरला लागते.
मी व्हॉल्व्ह बघायला धावलो,
चावी द्यायला कोणी उरलं नाही.

इतकी वर्षं ज्या घरघरीतून आम्ही ऐकत होतो
ती थांबलेली.
आणि भिंतीपलीकडे स्प्रिंग उतरत चाललेली,
ट्रम्पेट जड होत, खाली येत,
आधी म्हाताऱ्याचा आवाज, मग रेड्याचा,
मग तर भरल्या खाडीत कोणीतरी लांबून हाक मारावी तसं.
अमोनियाच्या वासात, हात चाकावर,
मी ऐकला सांधा.
एक सूर संपायच्या आत
त्याच्या खांद्यावरून दुसरा निघाला,
केसभर चढा.

आतून ब्रिजिताबाय ओरडली,
"दोगे आसत रे! दोगे!
मी काय सांगी होतंय?"

कंदील लावला. मी चावी दिली, शेवटपर्यंत.
पूर्ण वेगात तो पुन्हा एकच झाला.
पुन्हा लावली. पुन्हा एकच,
पण आता आम्हाला शिवण कळत होती,
आणि एकाने वाजवताना
दुसरा गप्प उभा राहून
छाती भरून घेत होता, तेही.
इनास बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, एडनला त्याच्या टेबलावर
आणखी एकजण होता खरा,
पाठ करून बसलेला.

आता दोन नावं शोधायची आहेत.
गिरपाने दुसऱ्यालाही पडाव दिला आहे.

त्या रात्री अकरा लाद्या वितळल्या.
वहीत कारण लिहायचं असतं.
मी लिहिलं, वीज नव्हती.