तीन ताड

बोटीच्या तिकिटांच्या खिडकीतून
थर्मन गॅडिस मला कायम पाठमोराच दिसतो.
दुधाच्या क्रेटवर बसलेला, कंबरेला पट्टा,
स्वेटरच्या कोपराला भलत्याच पिवळ्या रंगाचं ठिगळ,
पायाशी थर्मास, त्यात सूप.

पुढून तो नसतोच.
पुढून नुसता जुन्या जाळ्यांचा ढीग,
दोन फुटके बोये, खेकड्यांचा गंजका पिंजरा.
कोळ्यांचा धक्का म्हटल्यावर जाळी असायचीच,
असं धरून माणसं आइस्क्रीम चाटत पुढे येतात.
बाकीचे जाळं टाकतात.
हा पांघरतो.

मग "भॉऽ!"
तेही मोठ्यानं नाही. बेताचं, खोकल्याएवढं.
नेब्रास्काचा सहा फुटी गडी तीन ताड उडतो,
बायको आधी किंचाळते, मग त्यालाच हसते.
आणि समोरच्या कठड्याला टेकलेले वीसेक जण
टाळ्या वाजवतात.
हे सगळे मघाशी स्वतःच उडालेले,
आता दुसऱ्याची वाट बघत थांबलेले.
कॉफीच्या डब्यात डॉलर. कधी पाच.
कधी नुसतं च्युइंगगम.

सगळ्यांना नाही हं.
पोटुशी बाई दिसली की ढीग ढीगच राहतो.
काठीवाल्यांना नाही.
आणि काही जण असतात, म्हणतो,
मान न वळवता मागचं बघत चालणारे,
त्यांना तर मुळीच नाही.
त्यांचं आधीच कुणीतरी करून ठेवलंय.
एकदाच चुकला.
पंचविशीचा पोरगा, डोक्यावर हात धरून
फरशीवर बसला तो उठेचना.
थर्मन जाळ्यातून बाहेर आला, शेजारी मांडी घालून बसला,
थर्मासच्या झाकणात सूप ओतलं.
त्या दिवशी पुढे धंदा नाही.

घाबरल्याचे पैसे कुणी देत नाही, मला म्हणाला होता,
खिडकीशी चिल्लर बांधून घेताना.
घाबरण्यासारखं काही नव्हतं
हे कळतं ना, त्याचे देतात.

गेल्या मंगळवारी शेवटची बोट उशिरा आली.
हिशेब, कुलूप, बस, सगळंच उशिरा.
माझ्या स्टॉपवर उतरले तेव्हा धुकं चढाच्या टोकापर्यंत आलेलं,
दर दुसरा दिवा बंद,
आणि पुढे वीस पावलांवर एक माणूस.
उंच. काळा. टोपी कानापर्यंत.
त्याच्याही पुढे एक मुलगी, तिनं एकदा वळून पाहिलं
आणि गाडी येत नसतानाही थांबून
रस्ता ओलांडून पलीकडे गेली.
त्यानं चाल कमी केली. तिला जाऊ दिलं.
मग हातातलं काहीतरी हलवू लागला,
पावलागणिक, खुळ्‌ खुळ्‌,
वासराच्या गळ्यात घुंगरू बांधतात तसं,
मी येतोय, इथे आहे, एवढंच कळवणारं.

मीही हळू झाले होते.
एक हात पर्सच्या चेनवर.

मग दिव्याखाली कोपर आलं.
पिवळं ठिगळ.

"थर्मन!"

तो तीन ताड उडाला.
डबा सुटला, चिल्लर उतारावरून गडगडत गटाराकडे.
दोन्ही हात त्यानं आधी वर केले, खांद्याच्याही वर,
बोटं पसरून,
आणि मग वळला.

मला ओळखायला त्याला किती वेळ लागला
ते मी मोजलं नाही.

नाणी वेचली आम्ही, मोबाइलच्या उजेडात.
एक कोरियन नाणं सापडेना, ते सोडून दिलं.
उठताना त्यानं कंबर धरली, हसला,
आणि डबा माझ्यासमोर धरला,
धक्क्यावर धरतो तसाच.

माझा हात अजून चेनवरच होता.
उघडायला वेळ लागला नाही.