आतली बाजू

दुकान उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती.
रमोना आर्चुलेटा आत आली
आणि काउंटरवर तिने वर्तमानपत्राची पुडी सोडली.
आत दोन ब्रेक पॅड, एकाच चाकाचे.
बाहेरचा अजून पेन्सिलीएवढा जाड,
आतला झिजून पोस्टकार्ड.
"एकाच दिवशी बसवले होते," ती म्हणाली,
"मग हा एकटाच कसा संपला?"

मी म्हटलं, बाहेरचा चाकाच्या फटींतून दिसतो,
आतल्याकडे कुणी बघत नाही.
हे काही उत्तर नव्हतं.
उत्तर असं, की कॅलिपरची पिन गंजली,
सरकायची ती अडली,
आणि सगळा भार एकाच अंगावर आला.
तेही सांगितलं. ती नुसतं "हं" म्हणाली,
घरातल्या थोरल्या मुली म्हणतात तसं.

तिची सबर्बन बाहेर उभी होती.
अकरा वर्षांची, तीन रांगांची, अस्वलासारखी.
मंगळवार, गुरुवार, शनिवार
ती पाच जणांना डायलिसिसला नेते, डोंगरापलीकडे.
घाटाला दोन्हीकडून चढ, दोन्हीकडून उतार.
परतताना चौघं झोपलेले,
पिळून टाकलेल्या कपड्यांसारखे.
जागी फक्त दोन्या यूलालिया, पुढच्या सीटवर,
दर वळणाला उजवा पाय चटईवर दाबत,
जणू तिथेही एक पेडल आहे.

"महिना झाला, स्टिअरिंग थरथरतंय.
उतारावरच. मनगटापासून खांद्यापर्यंत."

मी तीन खोकी मांडली.
हे सिरॅमिक: आवाज नाही, काळी पूड नाही, चाकं लख्ख.
हे अर्धं धातूचं: गार असताना कुरकुरतं,
तापलं की धरतं.
तिसऱ्याबद्दल मी बोललो नाही, किंमतच बोलली.

तेवढ्यात ब्रेकन, आमचा नवा पोरगा,
भोकाभोकांचे रोटर घेऊन आला, चांदीच्या चाळण्यांसारखे.
"रेसच्या गाड्यांना हेच असतात."
रमोना म्हणाली, "माझी रेस कुणाशी, बाळा?"
त्याने चाळण्या परत नेल्या.

सव्वीस वर्षं मी हे विकतोय.
लोकांना वाटतं, ब्रेक वेग मारतो.
वेग कुठे मरतो? तो आग होऊन लोखंडात शिरतो.
लोखंड भरीव हवं, साधं हवं,
आणि त्याच्या पोटातून वारा खेळायला हवा.
एवढंच. बाकी सगळी नक्षी.

एकदा मी ते तिसरं खोकं वेन्डेल हॉगला दिलं होतं.
मागे घोड्यांचा ट्रेलर ओढतो, हे ठाऊक असून.
तो घाई करत होता, मीही.
त्याला काही झालं नाही.
अजून नाताळात भेटतो, हात हलवून जातो.
पण त्या हिवाळ्यात सायरन वाजला
की मी हातातलं काम खाली ठेवायचो.

रमोनाने चर्चचं पाकीट काढलं, पेट्रोलच्या वर्गणीचं.
नोटा दोनदा मोजल्या.
मधलं खोकं. साधे, जाड रोटर, पुढचे दोन्ही.
"आणि पिना?"
"नऊ डॉलर. ग्रीसची पुडी धरून."
ती हसली, पण फार नाही.
"म्हणजे नऊ डॉलरसाठी हे सगळं."

भाच्याने, एलिसेओने, रविवारी बसवलं.
नव्या रोटरचं तेल आधी पुसायचं, हे मी बजावलं होतं.
मग बटाट्याच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर
तिने गाडी पळवली, दाबली, सोडली,
पूर्ण थांबू न देता, तीस वेळा.
बांधावरच्या माणसाला वाटलं असेल,
हिला सारखं काहीतरी आठवतंय
आणि सारखं विसरतंय.

बुधवारी ती जुने रोटर भंगारात टाकायला आली.
कडेला गंजाचा ओठ, मध्ये निळसर डाग.
मी विचारलं, "थरथर?"
"गेली."
"आणि दोन्या यूलालिया?"
"दाबते अजून.
म्हणते, गाडीचे बदललेस तू.
माझे जुनेच आहेत."