हातचा

शाळेत आधी बेरीज शिकवली, मग देश.
हातचा एक वर लिहायचा,
मिळवायला विसरायचं नाही.
मग आउने बाईंनी खिळ्याला मेणकापडाचा नकाशा टांगला
आणि म्हणाल्या, ही मुलगी बघा.

खरंच मुलगी होती.
खाली घेरदार झगा, मध्ये बारीक कंबर,
वर दोन्ही हात उंचावलेले,
जणू दोरीवर कपडे वाळत घालतेय.
हिचं नाव सुओमी. हाच आपला देश.
आम्ही अकरा पोरं, तीन बाकांवर.
फिनिश अर्धीमुर्धी कळायची.
मला वाटलं, बाईंची कुणी मावसबहीण असेल.

बाईंनी छडी तिच्या डाव्या हातावर ठेवली.
हा आता नाही, म्हणाल्या.
लढाई संपली तेव्हा द्यावा लागला.
झग्याची कडही गेली, पूर्वेकडची.
नवे नकाशे येईपर्यंत
हा दिसला तरी बघायचा नाही.

मी हात वर केला.
बोल, दोम्ना.
बाई, मी त्या हातात जन्मले.
खांदा आणि कोपर यांच्या मधे.

कुणी हसलं नाही.
अकराही जण त्याच हातातले.
आमची हिवाळी वस्ती तिथे,
आजोबांची कबर तिथे, तिच्यावर उलटी ठेवलेली घसरगाडी.
आणि आता शाळा इथे, तिच्या काखेत.

आमच्या बोलीत जमीन कधी बाई नव्हती.
तिला कंबर नव्हती.
हिवाळ्यात एक नाव, उन्हाळ्यात दुसरं,
आणि कुठल्या तळ्यात कुणाचं जाळं
ते म्हाताऱ्यांना तोंडपाठ.
कापायचे ते फक्त रेनडिअरचे कान,
वासरू लहान असताना,
प्रत्येक घराची खाच वेगळी.
कापलं की आपलं.
म्हणून मी विचारलं,
बाई, हात कापला, तर मुलगी कुणाची झाली?

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.
त्या स्वतः झग्याच्या त्या कडेवरच्या,
हे मला कळलं तेव्हा त्या नव्हत्या.

नवे नकाशे आले नाहीत.
पत्र आलं:
जुनेच दुरुस्त करून वापरावेत.
बाईंनी शिवणाची कात्री काढली.
सरहद्दीवरून अगदी नीट कापलं,
एकही टोक वाकडं नाही,
आणि तुकडा माझ्याकडे दिला,
चुलीत टाक म्हणाल्या.

मी घरी नेला.
आईला अक्षर कळत नव्हतं.
एका निळ्या रेघेवरून तिचं बोट वर गेलं,
वर, आणखी वर, मग थांबलं.
मग तिने नखाने मेण खरवडून बघितलं.
यातून पाणी आत येणार नाही, म्हणाली.
माझा पाय त्यावर ठेवला,
कोळशाने भोवती रेघ मारली
आणि सुरीने पुन्हा कापलं.

एकाच पायाला पुरला.
तो अख्खा हिवाळा मी
पेत्सामोवरून चालत शाळेत गेले.
उजवा पाय कोरडा, डावा ओला.

वसंतात बूट आवळायला लागला, येफिमला दिला.
त्याने तो बर्फ फुटताना तळ्यात घालवला.
मार खाल्ला,
बुटासाठी.

आता टीव्हीवर हवामान सांगणारा पोरगा
तिच्या खांद्यापाशी ढग ठेवतो,
खांद्यापुढे काहीच नाही, राखाडी रंग.
पलीकडच्या नकाशात तो हात
कुणाच्या अंगाला शिवलाय,
मी कधी चौकशी केली नाही.

दुकानात मात्र अजून हिशेब चुकतो.
मीठ, कॉफी, जाळ्याचा दोरा.
हातचा बोटावर धरते
आणि मिळवायचा राहतो.
दुकानदारीण माझी चिठ्ठी उलट्या बाजूने वाचते,
म्हणते, दोम्ना,
दहा कमी आहेत.