गरम झाली की बंद

सकाळी पहिल्या हिसक्याला घेते.
निपाणीतनं निघते, तंबाखूच्या वखारी मागं टाकते,
आणि तवंदीच्या घाटात, तिसऱ्या वळणावर,
जिथं कुणीतरी दगडाला चुना फासलाय,
खोकत नाही, आचके देत नाही,
नुसती गप्प होते.

सत्तावन्न सालची जीप. जंगलखात्याच्या लिलावात घेतलेली,
खानापूरच्या डेपोतनं. बॉनेटच्या सांदीत
अजून सागाचा भुसा निघतो.

अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू,
काही झालंच नव्हतं अशी.
"तुमच्या आईचा स्वभाव," सुमित्रा म्हणाली,
आणि पदरानं वारा घातला.
मला नाही, कॉइलला.

पहिला आळ कॉइलवरच घेतला.
तापायची; हात ठेववत नव्हता.
ओलं फडकं बांधलं, मग खडेबाजारातनं नवी आणली.
तिसरं वळण. गप्प.
मग कंडेन्सर, बोटाच्या पेराएवढा, बिचारा.
मग चारी प्लग: तीन विटकरी, एक काळा,
काळ्याला काढून टाकायला फार विचार लागला नाही.
उसाचा ट्रॅक्टरवाला थांबून म्हणाला, पेट्रोल उकळतंय.
दूधवाला म्हणाला, नजर.

संकेश्वरच्या दस्तगीर मिस्त्रींना फोन केला.
"चालती गाडी मला काय सांगणार ओ?
मेलेली दाखवा. कुठं मरती?"
सांगितलं.
दुसऱ्या दिवशी आम्ही घाट चढतोय तर
चुन्याच्या दगडावर ते आधीच बसलेले,
लुना स्टँडवर, शेजारी इरण्णा, हातात पान्यांची पिशवी.
जीप त्यांच्यापुढं येऊन गप्प झाली.
"या," म्हणाले तिला.

प्लग काढून ब्लॉकवर ठेवला. "मारा."
ठिणगी पिवळी, आजारी. मग तीही नाही.
टोपण उघडलं. पॉइंट काडेपेटीच्या कडेनं घासले.
फट मोजायला गेज नव्हता,
विडीबंडलाचं लेबल दोनदा दुमडून आत सरकवलं:
"चिकटले तर आग नाही. लांब गेले तरी नाही."
एवढंच. पुढं काही बोलले नाहीत.
"मारा."
नाही.

मग त्यांनी काहीच केलं नाही, बराच वेळ.
डोळे मिटून एकेक वायर बोटांत धरत गेले,
जशी बाई शेवग्याची शेंग चाचपते.
डिस्ट्रिब्युटरच्या आत बोटभर लांबीची एक,
कापडी वेष्टनाची, वरून अगदी धड.
"हितं मऊ लागूलंय."
चिरली. आत तांब्याचे केस हिरवे, तुटलेले,
गार असताना एकमेकांना टेकणारे,
तापले की सुटणारे.

नवी वायर? लुनाच्या हॉर्नची कापली.
"ह्या रस्त्याला हॉर्न कोण ऐकतंय!"
टोपणावर चारी लीड चढवायच्या;
मी धुळीच्या बॉनेटवर बोटानं लिहिलं, एक तीन चार दोन,
इरण्णा वाचत गेला, ओंदु, मूरु, नाल्कु, एरडु,
आणि मिस्त्री डोकं आतच ठेवून लीड दाबत गेले,
घड्याळाच्या उलट्या दिशेनं.
"मारा."

तो आवाज कसा सांगू. चार सिलिंडरचा,
खालच्या वाडीतली कुत्री उठली.
पैसे सांगा म्हटलं तर वायरीचे सांगितले: चार रुपये.
आणि चहाचे, इरण्णाचेही.

घरी फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे.
त्यात ती जुनी कॉइल, दोन कंडेन्सर,
तीन विटकरी प्लग, एक काळा.
सगळे चालू स्थितीतले.
सुमित्रा विचारते, भंगारात घालू का?
मी म्हणतो, राहू दे.
मध्येच कधी उघडतो, तेलाचं बोट फिरवतो,
झाकण लावतो.

आणि तिसऱ्या वळणावर जीप आता सरळ निघून जाते;
माझा पाय तेवढा ॲक्सिलरेटरवरनं
अजून आपोआप उचलला जातो.