सॉरी

मला गोलात उभं केलं, त्याला कारण एवढंच
की सकाळभर बर्फात हात घालून
मी मासळी निवडायचे आणि कुरकुरायचे नाही.
पॅड शिवले खोगीरवाल्या थेस्ट्रुपने.
जन्मभर घोड्यांचीच मापं घेतलेला माणूस,
माझ्या पोटऱ्यांकडे बघून म्हणाला,
"भरवशाच्या आहेत."
तेवढ्यावर मी देशाची गोलकीपर झाले.

सप्टेंबरात बोटींनी बायका उतरल्या कोपनहेगनला,
बगलेत काठ्या, डोक्यावर वाऱ्याने वेड्या झालेल्या टोप्या.
वेल्सच्या दोघी धक्क्यावरच ओकल्या.

खेळाआधी एका बाईंनी आम्हाला
गवतात ओळीने गुडघ्यांवर बसवलं
आणि लाकडी पट्टीने मोजलं
स्कर्टची कड जमिनीपासून किती वर.
सहा इंच चालत होते. माझे साडेसात भरले.
दाग्नीने केसातली पिन काढून
तिथल्या तिथे माझी दुमड उसवली.
युरोपात त्या साली मोजण्यासारखं बरंच काही होतं.
मोजले ते आमचे गुडघे.

मग शिट्टी. मधोमध दोघी समोरासमोर:
जमीन, काठी,
जमीन, काठी,
जमीन, काठी.
एवढीच भाषा सगळ्यांना येत होती.
पुढचा खेळ मी फारसा पाहिला नाही,
चेंडूच मला पाहायला येत राहिला.

इंग्लंडची मिस हॅलस्टॉक,
कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवायची म्हणे.
तिने पहिला गोल केला
आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सॉरी."
दुसरा केला. "सॉरी."
तिसऱ्याला मी उताणी, दातांत गवत.
हात देऊन उठवलं तिने, वर पुन्हा "सॉरी."

मला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं,
पण तराजूवर वाढलेल्या पोरीला हिशेब कळतो.
चेंडू मागच्या फळीवर आपटला की हा शब्द येतो.
नाही आपटला तर येत नाही.
म्हणजे गोलाला त्यांच्याकडे सॉरी म्हणतात.
स्वतःच्या हुशारीचं मला जरा कौतुकच वाटलं.

अकरा झाले.

रात्री मेजवानी. भाषणं लांबली, वाटाणे गार पडले.
मी ग्लास घेऊन तिच्या टेबलाशी गेले,
दहा बोटं दाखवली, मग आणखी एक,
आणि खणखणीत म्हणाले, "सॉरी!"
सगळं टेबल गप्प.
तिचा चेहरा बिटासारखा लाल,
मग हसू असं फुटलं की तिला खुर्ची धरावी लागली.
शब्दाचा अर्थ मात्र कुणी सांगितला नाही.

शनिवारी आयर्लंडने चार घातले.
अगदी शेवटी, दिवे लागायच्या सुमाराला,
त्या टोकाला धाकट्या बोदिलने
कसा कोण जाणे, चेंडू आत ढकलला.
मी गोल सोडून धावले,
घोड्याच्या सामानासकट अख्खं मैदान,
"सॉरी! सॉरी!" ओरडत.
आणि बाकावर उभी राहून, टोपी हलवत,
मिस हॅलस्टॉकही तेच ओरडत होती.

नंतर युद्ध येऊन गेलं.
थेस्ट्रुप गेला. दोन हिवाळे ते पॅड
आम्ही बटाटे गोठू नयेत म्हणून पोत्यांवर घातले.

शेचाळीस साली एक कार्ड आलं.
पत्ता: थोरा, गोलकीपर, मासळीबाजार, कोपनहेगन.
पोस्टमनने शोधून काढलं मला.
मजकूर दोन ओळींचा. भाचा प्रेबेन शाळेत इंग्रजी शिकलेला,
त्याने वाचून दाखवला:
"मुलगी झाली.
सॉरी!"
आणि तो भडकलाच.
म्हणाला, ही कसली बाई,
मुलगी झाली म्हणून माफी मागते?

"माफी?" मी विचारलं.
त्याने शब्दाचा अर्थ सांगितला.
मी ऐकून घेतला.
मग बर्फातून दोन्ही हात काढले,
दुकानाच्या दारात गेले,
आणि ते तसेच गळते हात वर करून
अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं.