पाण्यात ठेवलेली बादली

फैजपूरला घरामागे, जिथे आधी ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडलेली असायची,
तिथे आता वीस बाय बारा फुटांचं निळं पाणी आहे.
डॉक्टर म्हणाले होते, बाईंना पाण्यात चालू द्या, गुडघे वाचतील.
आमची विहीर आहे.
पण विहिरीत कोणी चालत नाही.

फरशी रमजान तडवीने बसवली.
एकेक टाइल कानाशी धरून बोटाने वाजवायचा,
माझी आई माठ घेताना वाजवायची तशी.

पाणी भरलं त्या दिवशी
फेगडे गुरुजी भिंतीवरून वाकून म्हणाले,
"पानी इकत घ्यायचं, अन् त्यात बसायचं?"
मी हसलो. उत्तर अजून सापडलेलं नाही.

पाणी पाळावं लागतं, हे नंतर कळलं.
सकाळी जाळीने पानं काढायची, मुंगळे,
एकदा एक खार, तिला कागदात गुंडाळून पुरली.
काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, वर औषधाचे पाच थेंब.
कुंकवाकडे गेलं तर आम्ल,
हळदीकडे गेलं तर सोडा.
केळीच्या घडाशिवाय कशाचाच रंग
मी आजवर इतका निरखला नव्हता.
वाळूची टाकी उलटी धुतली की निघालेलं गढूळ पाणी
दोन दिवस उन्हात उभं ठेवतो, मग बागेला.
एका लग्नासाठी चार दिवस रावेरला राहिलो,
परत आलो तर सगळं हिरवं, निसरडं,
पोळ्यानंतरच्या डबक्यासारखं.
कुमुद दोन दिवस बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी पायऱ्या रुंद केल्या, स्टीलचा कठडा लावला.
तिसऱ्या वर्षी वर हिरवी जाळी, रोपवाटिकेवर असते ती.
आधी ती काठ धरून चालायची, जुन्या पंजाबी ड्रेसात,
तोंडाने फेऱ्या मोजत.
मग एका दुपारी तिने काठ सोडला.
कोणी शिकवलं नव्हतं. साठावं सरलं होतं.
पाण्यावर उताणी पडून राहिली,
घरातल्या पलंगावर कधीच पडली नाही अशी.

मी तापीकाठचा. मला पोहता येत नाही.
पावत्या माझ्या नावाच्या, पंप माझ्या नावाचा,
पाणी मात्र कमरेच्या वर येऊ दिलेलं नाही.

यंदा मे महिन्यात पाणी रोज दोन बोटं उतरू लागलं.
पारा शेहेचाळीसवर. ऊन पितंय म्हणावं, तर किती पिणार?
रमजान फोनवर म्हणाला, बादली ठेवा, भाऊ.
त्यातलंच पाणी बादलीत भरा, पायरीवर ठेवा,
आत खूण करा, बाहेर खूण करा.
दोन्ही सारखं उतरलं तर ते सूर्याचं.
बाहेरचं जास्त उतरलं तर भुईचं.

रात्रभर पंप बंद. मी खुर्ची टाकून बसलो.
पाण्यात पाणी, मध्ये फक्त प्लास्टिक.
दुसऱ्या दिवशी हिशेब निघाला:
एक बोट सूर्याचं, एक बोट भुईचं.

कुमुद सिरिंजमध्ये लाल शाई घेऊन खाली गेली.
काठावर मीही श्वास धरला, उगाच.
वर आली, केस मागे सारले.
"दिव्याच्या मागे," म्हणाली,
"कोणीतरी दोरा ओढावा, तशी शाई आत गेली."

लांबी भरली. बादली आणि हौद जोडीने उतरू लागले.

पंधरा दिवसांनी गुरुजी भिंतीवरून:
"शेवग्याले काय झालं कोन जाने,
भर उन्हात हिरवागार होता, आता पानं टाकून राहिला."
शेवगा दिव्याच्या बरोबर पलीकडे.
मी म्हणालो, "ऊन फार आहे, गुरुजी."

तेव्हापासून रोज रात्री, गल्ली झोपली की,
त्या बादलीने दोनदा पाणी भिंतीपलीकडे ओततो.
कुमुद विचारते, कुठे होतात?
क्लोरीन बघत होतो, म्हणतो.

काल बादली हातातून सुटली, आत तरंगत गेली.
तिच्यामागे मी तिसऱ्या पायरीवर उतरलो, मग चौथ्या.
पाणी छातीला लागलं.
बादली अजून दोन हात लांब होती.