पंधरा अंश

रात्री अडीचला वडगावची लाईट गेली.
यूपीएसनं तासभर खोकून जीव सोडला
आणि पंधरा अंशांची आमची पेटी
हळूहळू बाहेरच्या एप्रिलसारखी झाली.

सकाळी इराप्पानं दार उघडलं.
"मॅडम, हुळं गेली काय बघा."
तो कन्नडातला शब्द घेतो, त्यावर मराठी अनुस्वार ठेवतो.
आता मीही तसंच म्हणते.

मिलिमीटरभर लांब. काचेसारखी नितळ.
मोठं झालं की नऊशे एकोणसाठ पेशी,
कोणती कुठून आली, कुणी कधी मरायचं, सगळं ठरलेलं.
आमच्या वाणात एकच अक्षर बदललंय.
पंधरावर त्याचं काही अडत नाही,
जीवाणूंच्या सायीवर चरतं, अंडी घालतं.
पंचविसावर मात्र अंड्यातला जीव
स्वल्पविरामाच्या आकाराला येतो
आणि तिथंच राहतो.

चाळीस बशा,
साडेतीन हजार स्वल्पविराम.
पुढं वाक्य नाही.

घरमालकीण, पार्वती मुचंडीकर, जेवताना म्हणाली,
"दिवसभर काय करालीस गे तिथं?"
सांगितलं.
"कितव्या महिन्यात थांबतात?"
महिने नाहीत मावशी, तास.
तिनं पुढं काही विचारलं नाही.
चटणी मात्र दोनदा वाढली.

तिसऱ्या दिवशी बशा फेकायला काढल्या
तर सत्ताविसाव्या बशीत, अगदी कडेला,
एक चालत होतं.
मागं नागमोडी रेघ सोडत.
म्हणजे दुसरीकडे कुठंतरी
आणखी एक अक्षर हललं असणार,
पहिल्या चुकीला टेकू देणारं.
किंवा ती बशी खालच्या, गार फळीवर होती,
एवढंच.
आताच नाचायचं कारण नाही.

वहीत तारीख, वाण, तापमान.
ठिकाणाच्या रकान्यात हात सवयीनं 'बेळगाव' लिहून थांबला.
ऑफिसला शेवटी दुसरी वेलांटी लागते.
दिली.
गाव खिडकीबाहेर होतं तसंच,
रिक्षावाला दोन भाषांत एकाच माणसाला शिव्या देत होता.

प्लॅटिनमच्या तारेच्या टोकावर
त्याला उचललं, नव्या बशीत सोडलं.
जोडीदार लागत नाही. एकटं पुरतं.

"पेटी परत पंधरावर लावू?" इराप्पानं विचारलं.
नको.
पंचविसावरच राहू दे.